पुलापर्यंत सरळ

९ जानेवारी

धाकट्यास,

तुझं पत्र परवा पोचलं. गुडघा बरा आहे. कानाचं यंत्र डब्यात आहे आणि तिथेच सुखी आहे. ते लावलं की कालव्याच्या दरवाजाखालून पडणारं पाणी थेट डोक्यात शिरतं आणि समोरचा माणूस होता तिथेच लांब राहतो. तेव्हा दर पत्रात 'फोन घे, फोन घे' लिहू नकोस. क्वार्टरमध्ये अजून रेंज येत नाही, आणि आली तरी मी तुला 'काय?' यापलीकडे काही म्हणणार नाही. पत्र निदान पुन्हा वाचता येतं.

इथली नवी गंमत ऐक. अप्पांच्या वेळी वर्षातून एकदा तपासणीला साहेबांची जीप यायची, आणि आपण दोघं दारात उभे राहून तिची चाकं बघायचो. आता आठवड्याला तीन-चार गाड्या येतात. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोनमधली बाई सांगते म्हणे, कालव्याच्या बांधावरून सरळ जा. आधी पावाची गाडी आली. मग एका गायनशाळेची मिनीबस, बावीस माणसं, आणि बावीसही जणांना बाथरूमला जायचं होतं. शनिवारी एक जण गाडीमागे होडी बांधून आला. त्याला मात्र मी म्हटलं, बाबा रे, तुझा रस्ता बरोबर आहे.

बांधावर वळायला जागा नाही. येताना ऐटीत येतात आणि जाताना अर्धा किलोमीटर उलटे जातात, मी पुढे हात करत. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, पण इथे मागच्याला पुढचा दिसतच नाही.

हा रस्ता काढणारा शहाणा कोण ते शोधून काढ. भेटला तर त्याला आठवडाभर दरवाजाचं चाक फिरवायला बसवीन.

तुझी ताई

२० जानेवारी

ताई,

होडीवाल्याचं वाचून मी एकटाच इतका हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

ही यंत्रं असंच करतात. गेल्या महिन्यात एका दवाखान्याची लिफ्ट बंद पडली म्हणून मला बोलावलं. काम झाल्यावर पुढच्या इमारतीकडे जायचं होतं. नकाशा म्हणाला, सरळ आत जा. गेलो. हत्यारांची पेटी घेऊन बाळंतिणींच्या खोल्यांसमोरून, स्वयंपाकघरातून, कपडे धुण्याच्या जागेतून मागच्या दारानं बाहेर. त्याच्या हिशेबी ती गल्ली होती. एका नर्सनं विचारलं, कुणाचे वडील? मी म्हटलं, लिफ्टचा.

हे सगळं आपोआप होतं, त्यात शहाणा असा कुणी नसतो. बांधावरून गेलं की गावापर्यंतचे अकरा किलोमीटर वाचतात, एवढं त्या यंत्राला कळलं असेल.

पण गाड्या आपल्या लाकडी पुलापाशी तर थांबत असतील ना? तिथे सायकलच कशीबशी जायची. तिसरी फळी अजून 'टॉक' करते का? मला कधीकधी लिफ्टच्या खड्ड्यात उभं असताना तो आवाज आठवतो. दिवसभर वर-खाली करणाऱ्या माणसाला संध्याकाळी थोडं आडवं चालावंसं वाटतं, तेव्हा मी मनानं त्या पुलावरून जातो.

गुडघ्याला जप.

धाकटा

११ फेब्रुवारी

धाकट्यास,

गाड्या वाढल्या. या पंधरवड्यात अकरा. मी जुन्या कपाटाचं दार काढून त्यावर रंगानं लिहिलं, 'पुढे रस्ता नाही', आणि वळणावर उभं केलं. पालथ्या घड्यावर पाणी. माणसं लिहिलेलं वाचत नाहीत, समोर उभ्या बाईचं ऐकत नाहीत, फोनमधल्या बाईचं ऐकतात. ती तर माझ्यापेक्षा बहिरी. एक जण तिच्याशी भांडत होता आणि ती आपली सरळ जा, सरळ जा.

काल गाद्यांची गाडी आली. आठ गाद्या, आणि ड्रायव्हर इतका थकलेला की त्यातलीच एक पसरून झोपावं. मागे घेताना त्यानं पुलाच्या तोंडावरचा आडवा पाइप पाडला. मी तिथे दोरी बांधली आहे, तिला लाल चिंधी लावली आहे. ऑफिसला पाइपाचं कळवलं, त्यांनी 'बघू' म्हटलं. चहा पिताना त्यानं मला त्याचा फोन दाखवला. मी चष्मा लावून बराच वेळ बघितला. अक्षरं बारीक होती.

तू संध्याकाळी नकाशे बघत बसतोस असं एकदा लिहिलं होतंस. असे रस्ते माणसंही काढतात का? तुझ्या ओळखीत कुणी असेल तर त्याला सांग, की बाबा, काढलास तसा पूस. मी कुणावर रागावणार नाही.

पुलाचं विचारलंस. त्याबद्दल पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

ताई

२ मार्च

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. दोन इमारतींचं काम एकदम आलं.

रस्ते माणसंही काढतात, हो. हौशी लोक असतात, घरबसल्या काढतात. मी बघतो कुणाला सांगता येतं का. पण तू एवढी त्रासून जाऊ नकोस. खरं सांगू का, त्या वाटेवर माणसं जातात हे वाचून मला कुठेतरी बरंच वाटलं. अप्पांनी तीस वर्षं त्या बांधावर सायकल मारली आणि त्यांच्या मागे तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं. आठवतं का, चाकाला हात लावण्याआधी ते कठड्याशी जाऊन खाली पुलापर्यंत नजर टाकायचे. आपण पाण्यात उतरलो असू म्हणून. आपण घरात समोर बसलेले असलो तरी बघून यायचे. मी एकदा विचारलं, आम्ही तर इथे आहोत. म्हणाले, तुम्ही दोघंच आहात का जगात?

पुलाचं लिहीन म्हणालीस ते लिही. रंग तरी दिला का कुणी?

धाकटा

१९ मार्च

धाकट्यास,

सोमवारी गाडी पाण्यात गेली.

एक बाई होती, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, पस्तिशीची. पलीकडे शाळेत मुलांचे डोळे तपासायला चालली होती. अकरा वाजता पाणी सोडायचं होतं म्हणून मी दरवाजाच्या चाकाला ग्रीस लावत होते, पाठ वाटेकडे. ती माझ्या मागून गेली. मला ऐकू आलं नाही. कपाटाच्या दाराला वळसा घातला, उन्हाची तिरीप समोरून, दोरी तुटली, आणि गाडी पुलाच्या दोन दगडी खांबांमधून सरळ खाली. मध्ये काही नव्हतंच तिला अडवायला. पूल तिथे नाही, धाकट्या. अकरा वर्षं झाली. तुला सांगायचं राहिलं.

अकराला दहा मिनिटं असताना मी उठले, हात पुसले, चाकाला हात घातला. मग सवयीनं कठड्याशी जाऊन खाली बघितलं. गाडीचं मागचं चाक दिसलं, अजून फिरत होतं.

पाणी गुडघाभर होतं म्हणून वाचली. खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला नऊ टाके. मी उतरले आणि तिला धरून बसले. ती काहीतरी सारखं विचारत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. शेवटी तिनं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, 'पूल?'

मी न बघता चाक चार फेरे फिरवलं असतं तर आज हे पत्र लिहायला बसले नसते.

साहेबांचं पत्र आलं आहे. वाहनं येतात हे दरवाजावाल्या बाईंना माहीत होतं का, आणि माहीत असताना वाट बंद का केली नाही, पंधरा दिवसांत लेखी सांगा. नोकरी आणि क्वार्टर दोन्ही त्या उत्तरावर आहेत. मला दोन्हीपेक्षा तो तळहात जास्त टोचतो.

ताई

२६ मार्च

ताई,

तुझं पत्र जिन्यातच उघडून वाचलं.

तो शहाणा मी आहे.

ऑक्टोबरात काढला. मी असे पुष्कळ रस्ते काढतो, राहून गेलेल्या गल्ल्या, शेतातल्या वाटा. चांगला मान आहे माझा त्यात, नावापुढे एक तारा आहे. एका संध्याकाळी आपला कालवा उघडला. आभाळातून काढलेल्या फोटोत नुसती झाडं दिसत होती, बांध नाही, पूल नाही, क्वार्टरचं छप्परही नाही. जणू आपण तिथे कधी राहिलोच नाही. मला ते सहन झालं नाही. मी आठवणीनं रेघ काढली, मोठ्या रस्त्यापासून क्वार्टर, दरवाजा, पूल, आणि पलीकडे गावापर्यंत. ते यंत्र विचारतं, पायवाट, सायकलची वाट की गाडीरस्ता? साहेबांची जीप आठवली आणि मी गाडीरस्ता म्हटलं. जीप पुलावर कधीच गेली नाही, ती दारापर्यंत यायची, हे मला माहीत होतं. पण एका रेघेचे दोन तुकडे करायचा कंटाळा केला. दोन अनोळखी माणसांनी 'बरोबर आहे' म्हणून मान्यता दिली. त्यांनी तरी कुठे बघितलं होतं. सगळेच उंटावरून शेळ्या हाकत होतो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, म्हणून तर 'आपोआप होतं' असं लिहिलं. दोनदा पुसायला बसलो. दोन्ही वेळा वाटलं, पुलापाशी गाडी अडेलच, माणसं मागे फिरतील, हसतील, आणखी काय. मला पूल दिसत होता, ताई. एकेक फळी दिसत होती.

तुझं पत्र वाचल्यावर त्याच मिनिटाला पुसायला टाकला. साहेबांना मी लिहितो. तू उत्तरात माझं नाव घाल.

पण पूल कधी गेला? आणि अकरा वर्षं तू एका पत्रातही का लिहिलं नाहीस?

धाकटा

६ एप्रिल

धाकट्यास,

मला माहीत होतं.

गाद्यांच्या ड्रायव्हरनं फोन दाखवला तेव्हा पडद्यावर निळी रेघ होती आणि रेघेवर लिहिलं होतं, 'अप्पांचा रस्ता'. आपल्या बांधाला हे नाव देणारी माणसं जगात दोन, आणि त्यातल्या एकीला फोन चालवता येत नाही. मी ते बोट लावून दोनदा वाचलं. ड्रायव्हरला वाटलं, म्हातारीला अक्षरं लागत नाहीत.

मला रडू आलं होतं, राग नाही. तुला त्याच दिवशी लिहायला हवं होतं, की पूस, पूल नाही. पण पूल नाही म्हटलं की तू विचारणार, कधी गेला. कधी गेला म्हटलं की कसा गेला. म्हणून आडून आडून लिहीत बसले. झाकली मूठ जपायच्या नादात ती बाई पाण्यात गेली. तेव्हा तू एकटा नाहीस यात.

आता उघडते.

अप्पा तापानं गेले असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं नव्हतं. ताप कशानं आला ते लिहिलं नाही. इकडे रेंज नाही म्हणून दर रविवारी ते पूल ओलांडून पलीकडे जायचे, पिंपळाखालच्या दगडावर बसायचे, आणि तुझा फोन आला की बोलून परत यायचे. त्या रविवारी फोन आला नाही. दिवस मावळेपर्यंत थांबले. येताना अंधारून आलं होतं, आणि तुझी ती तिसरी फळी तुटली. मला तेव्हाही कमीच ऐकू यायचं. दोन तास ते पाण्यात काठाला धरून होते, हाका मारत असतील. जेवायला आले नाहीत म्हणून मी बॅटरी घेऊन गेले. छातीत पाणी झालं, सहाव्या दिवशी गेले.

तू आलास तो थेट दवाखान्यात, आणि दोन दिवसांच्या रजेवर तिथूनच परत गेलास. तुझं तोंड बघून मी ठरवलं, याला हे सांगायचं नाही. महिन्याभरात खात्यानं उरलेला पूल काढून नेला. अप्पांच्या जागी मला चाकावर घेतलं. आणि मी तुला लिहीत राहिले, गुडघा बरा आहे, पाणी वेळेवर सुटतं.

शुद्धीत होते तेव्हा एवढंच म्हणाले, त्याचा फोन येऊन गेला असेल, बघ. मी नर्सला फोन बघायला लावलं होतं. आला नव्हता. मी म्हटलं, आला होता, ठीक आहे तो.

साहेबांना उत्तर दिलं. तुझं नाव घातलं नाही. वाहनं येतात हे मला माहीत होतं आणि मी पुरेसं केलं नाही, एवढंच लिहिलं. त्यात खोटं काही नाही.

ताई

१७ एप्रिल

ताई,

त्या रविवारी मी फोन का केला नाही ते मला आठवत नाही. लिफ्ट अडकली होती असं लिहिणार होतो, पण मग तोही एक काढलेला रस्ताच झाला असता. खरंच आठवत नाही. मोठं कारण असतं तर आठवलं असतं. झोपलो असेन, किंवा सिनेमाला गेलो असेन. सात रात्री हेच करतोय, तो दिवस शोधतोय, आणि तिथे नुसती झाडं दिसतात.

तू सांगितलं नाहीस याचा राग आला. मग तू अकरा वर्षं ते एकटीनं घेऊन त्याच काठावर उभी राहिलीस, याचा विचार आला आणि राग कुठे ठेवावा कळेना. मला वाचवलंस असं तुला वाटत असेल. पण मला ठाऊक असतं तर त्या नकाशावर हात लावायची माझी हिंमत झाली नसती. हे तुला टोचायला लिहीत नाही. दोघांनी मिळून केलं, एवढंच.

आता ऐक. रस्ता पुसला गेला नाही. काल उत्तर आलं. 'गेल्या काही महिन्यांत या रस्त्यावर एक्केचाळीस वाहनांची ये-जा झाली असल्याने रस्ता वापरात आहे. आपली विनंती मान्य करता येत नाही.' ते सगळे तुझ्या दारातून उलटे गेले हे त्यांना कळत नाही, गेले एवढंच कळतं. वर ती बाईसुद्धा त्या एक्केचाळिसांत धरलेली असणार. मी सहा वेळा लिहिलं. ते म्हणतात, जागेवर जाऊन पुराव्याचा फोटो पाठवा. तुझ्याकडे फोन नाही. म्हणजे मलाच यायला हवं.

साहेबांना मी सगळं लिहून कळवलं आहे, तू माझं नाव टाळलंस तरी. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनाही पत्र घातलं. उत्तर आलेलं नाही, येईल असंही नाही.

चार तारखेला निघतो. एक लाज वाटायची गोष्ट विचारतो. तिथे कसं यायचं? नकाशात बघितलं तर तो मला माझ्याच रस्त्यावरून पाठवतो.

धाकटा

२५ एप्रिल

धाकट्यास,

चाक सध्या माझ्याकडून काढून घेतलं आहे. पुढच्या दरवाजावरचा माणूस येतो. त्याला मी सांगितलं आहे, आधी खाली बघ. बघतो, पण मनापासून नाही, म्हणून मी कठड्याशी उभी असते. चौकशी सहा तारखेला जागेवरच आहे. साहेब म्हणाले, तुमच्या भावाचं पत्र मिळालं, तेही हजर राहिले तर बरं. काय ठरेल ते ठरेल. क्वार्टर मेअखेरपर्यंत आहे, एवढं नक्की.

चष्म्याच्या बाईचं मला पत्र आलं. पट्टा लावलेल्या हातानं लिहिलंय, अक्षर वाकडं. क्षमा केली वगैरे काही नाही. विचारलंय, रस्ता बंद झाला का? मी लिहिलं, भाऊ येतोय.

आता कसं यायचं ते. बसनं गावात उतर आणि फोन खिशात ठेव. शाळेच्या मागे जी वाट निघते तिनं चालत ये. आधी पाण्याची टाकी लागेल, तू होतास तेव्हा ती पांढरी होती, आता काहीच रंग नाही. टाकीपासून डाव्या हाताला उतार. पुढे पिंपळ, आणि पिंपळाखाली दगड. तिथे तुझ्या फोनला रेंज येईल. बसायचं असेल तर बस. तिथून सरळ खाली पाणी दिसतं, पुलाचे दोन खांब या काठाला आणि दोन त्या काठाला.

खांबांच्या अलीकडे थांब. तिथून फोटो घे, म्हणजे मधली मोकळी जागा नीट दिसेल. मग आल्या वाटेनं मागे जाऊन मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून घरी ये. अकरा किलोमीटर आहेत, रिक्षा मिळते. मी चहाचं आधण ठेवून येईन.

रस्ता पुसलास की ते नावही जाईल. मला वाईट वाटेल, पण जाऊ दे. दारापर्यंतची पायवाट तेवढी ठेवता आली तर बघ.

पाच तारखेला सकाळी दहापासून मी या काठाच्या खांबापाशी उभी असेन. तू पलीकडे आलास की हाका मारू नकोस, मला ऐकू येणार नाही. हात वर कर. मी बघत असेन.

तुझी ताई